चमेलीचं खाएन

२२ सप्टेंबर

गेली.

नागपूरच्या विमानतळावर काचेच्या आत जाऊन तिनं हात हलवला. काहीतरी म्हणालीही. ऐकू आलं नाही. बायको बोलतेय आणि ऐकू येत नाही — कित्येक नवऱ्यांचं स्वप्न! (हे पेपरातल्या माझ्या विनोदी स्तंभात वापरायचं.)

एक शैक्षणिक वर्ष, जूनपर्यंत. स्पेनमधल्या शाळेत पोरांशी इंग्रजी बोलायचं, उरल्या वेळात स्पॅनिश शिकायचं. पंचेचाळिशीत! इथल्या कॉलेजातून बिनपगारी रजा. अर्ज केल्याचं मला सांगितलंही नव्हतं. निवड झाल्यावर सांगितलं, भात वाढता वाढता.

गावाच्या नावाचा उच्चार म्हणे 'खाएन'. मी म्हणालो, "हा तर भविष्यकाळ झाला. काय खाशील?"

चमेलीला हसू आलं नाही. तिला विनोद जरा उशिरा कळतो.

२९ सप्टेंबर

नत्थूलालच्या चहाटपरीवर अख्ख्या आमगावची चौकशी. "गुरुजी, वहिनी स्पेनले गेल्या म्हणते. काऊन जी? इथं का कमी होतं?"

"कमी कुठं? इथं मी होतो ना!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन कुकर लावला. अर्ध्या तासानं लक्षात आलं — शिटी ओट्यावरच पडलेली.

११ ऑक्टोबर

फोन. आवाज चढलेला, पोरीसारखा.

"अहो, ऐकून राहिले का तुमी? इथले लोक आपल्यासारखेच बोलते! 'एस्तोय कोमिएन्दो' म्हणजे जेवून राहिली. 'एस्तोय त्राबाखान्दो' — काम करून राहिली. सेम टू सेम! वर्गात बाकीचे अडखळून राहिले होते, मले एका झटक्यात समजलं."

सालेकशाकडून लग्न होऊन आली तेव्हा हेच 'जेवून राहिली' मी खोडून काढलं होतं. मराठीचा मास्तर ना! 'जेवते आहे' म्हणायचं. पाहुणे आले की तिची नक्कल करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची.

म्हणालो, "म्हणजे स्पेनवालेही गावंढळच निघाले की!"

पलीकडून — "ठेवते. भाजी लागून राहिली."

२७ ऑक्टोबर

शेजारच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. दरवर्षी तिला जायचं असायचं — रात्रीचं दंडारीचं नाटक पाहायचं, जिलेबी घ्यायची — आणि मला कंटाळा यायचा. यंदा एकटाच गेलो. का, ते विचारू नये.

बांगड्यांच्या दुकानापुढे थांबलो. हिरव्या, बारीक, तिला आवडतील अशा. "माप सांगा भाऊ," दुकानवाली म्हणाली.

माप?

"बायकोचीच घेऊन राहिले ना?" तिनं डोळे बारीक केले.

पाव किलो जिलेबी घेऊन परत आलो.

१४ नोव्हेंबर

'बायको परदेशी, नवरा उपाशी' छापून आला. संपादकांचा फोन — तुफान! वाचक खूश! कात्रणाचा फोटो चमेलीला पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. बाकी काही नाही.

१५ नोव्हेंबर

बाकी काही नाही.

३ जानेवारी

कडाक्याची थंडी. मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतलंय. कोणाला सांगितलेलं नाही. नत्थूलालला कळलं तर मेलोच.

आजचं क्रियापद — एस्पेरार. वाट पाहणे. आशा करणे. दोन्हीला एकच! इतकी दरिद्री भाषा, यावर फर्मास लेख होईल म्हणून बसलो. दोन ओळींवर पुढे सरकेना.

१८ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉल. ती कुणाच्या तरी घरी जेवायला. लांब टेबल, पाचसहा माणसं, मधे चमेली — केस कापलेत! मला "एक मिनिट थांबा हं" म्हणून तिकडे वळून काहीतरी बोलली. सगळं टेबल खदखदून हसलं. एक म्हातारा तर डोळे पुसत होता. ती पुन्हा काही बोलली. पुन्हा हसले.

चमेली विनोद करते!

आमच्या घरात ते खातं माझ्याकडे होतं. तिच्याकडे हसण्याचं.

"काय म्हणालीस त्यांना?"

"काही नाही. तुमाले सांगून मजा नाही येत."

फोन ठेवल्यावर आरशात पाहिलं. उगाच.

२ एप्रिल

केवलराम आला. चमेलीचा धाकटा भाऊ, तिला 'बाई' म्हणतो. पिशवीत मोहफुलं, घरभर वास. चमेली ती भाजून खायची. मला ती कशी भाजतात तेही माहीत नाही.

"दाजी, बाई जूनमध्ये येऊन राहिली ना?" त्यानं विचारलं.

"येणारच. तिकीट काढलेलं आहे."

तो खाली पाहत राहिला. "मले म्हणत होती…"

"काय म्हणत होती?"

"काही नाही जी. तिकडचा उन्हाळा चांगला आहे म्हणत होती."

एवढंच सांगायला हा माणूस सालेकशाहून आला? चहाही अर्धा ठेवून उठला.

९ मे

पंचेचाळीसच्या पुढे पारा. कूलरला नवीन वाळा बसवला. तिची खोली पुसली. तिच्या कपाटाला हात लावला नाही. उघडून पाहिलं फक्त. साड्या आहेत. साड्या इथेच असलेली बाई परत येणार नाही, असं कुठं असतं!

१६ मे

तिचा फोन नाही. मी केला तर "क्लासमध्ये आहे". वाट पाहून राहिलो.

— लिहिल्यावर दिसलं. खोडलं नाही.

३१ मे

फोन आला. शाळेनं आणखी एक वर्ष दिलंय. तिनं होकारही कळवलाय. तिकीट रद्द. "पुढचं पुढं पाहीन," म्हणाली.

माझ्या तोंडून कसलासा तुटका आवाज निघाला.

"हसू नको तू," ती म्हणाली.

तू! लग्नापासून पहिल्यांदा.

मी हसत नव्हतो.