दमून बसलेला बैल

बुधवार, रोहा

दुपारी गच्चीवर वाल वाळत घातले होते. संध्याकाळी बाबांना घेऊन वर गेले. धरमतरचं मिठागर यंदा कायमचं बंद केल्यापासून ते आमच्याकडेच आहेत. धाटावच्या धुरांड्यांवर एक भला मोठा गुलाबी ढग होता. मी सहज म्हटलं, "बाबा, उंट बघा."

लहानपणी असं म्हटलं असतं तर ओरडा खाल्ला असता. ढग दिसला की बाबा एकच ओरडायचे, "राशी झाका!" अवकाळी सर आली की राशींतलं तयार मीठ वाहून जायचं. म्हणून आम्ही पोरं ढगातली जनावरं मिठागराच्या पाण्यात बघायचो, मान खाली घालून, चोरून.

आज मात्र बाबा खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उंट नाय गो. बैल हाय. दमून बसलाय."

किती मऊ बोलले! मग मलाही बैलच दिसायला लागला, पाय पोटाशी घेतलेला. बघत बघतच खाली आलो, वाल वरच राहिले.

बाबा ढगात जनावर बघायला लागले, आनंद व्हायला हवा ना मला? मग तो बसलेला बैल डोळ्यांपुढून का हलत नाही?

दिवेलागणीला सर आली. मी धावले, तरी वाल भिजलेच. बाबा खिडकीतून पाऊस बघत होते. खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.