सरकलेली जमीन

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

परवाच्या पानावर ‘क्वेसार सरकला’ असं लिहिलंय. चूक! तो जागच्या जागी आहे. सरकली ती दुर्बिणीखालची जमीन — आणि मी ते हिशेबात घेतलंच नाही.

नीट लिहिते. क्वेसार हे अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे रेडिओ स्रोत, म्हणजे आभाळातले हद्दीचे दगड. बाकी सगळ्यांच्या जागा त्यांच्यावरून ठरतात. त्यांतला एक दरवर्षी किंचित सरकतोय, त्याला यादीतून काढा, असा माझा शोधनिबंध. मासिकानं स्वीकारलेला. पण तो स्रोत बहुतेक वेळा एकाच परदेशी दुर्बिणीनं पाहिलाय, आणि तिथली जमीन भूकंपानंतर अजून वर्षाला बोटभर सरकते. आज ती दुरुस्ती घातली. क्वेसारचं सरकणं गायब.

मंगळवार, १०

बाबांना सांगितलं. ते मोजणी खात्यात भूमापक होते. दम्यामुळे माझी चौथीपर्यंतची शाळा घरीच, त्यांच्याजवळ. देवळीच्या वावरात, शेताच्या बांधावर, मोजणीची साखळी धरून मी कोन शिकले.

‘‘हद्दीचा गोटा सरकला म्हनत होती. तू कोठी उभी होती, थे पाह्यलं काय?’’

सात वर्षांची होते तेव्हाही हेच विचारायचे.

आई म्हणाली, ‘‘बाप वावर मोजे, पोरगी आभाळ मोजते. भाजीतलं मीठ कोनी नाई मोजत!’’ बाबा हसले नाहीत.

गुरुवार, १२

पुण्याहून माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन. ‘‘वीस तारखेला फेलोशिपची मुलाखत. निबंध मागे घेतलास तर दाखवणार काय? दुरुस्ती नंतर कळवू.’’

मी ‘बरं सर’ म्हणाले. म्हणाले!

शुक्रवार, १३

जेवले नाही. बाबा शेजारी येऊन बसले.

‘‘नंतर सांगू म्हनलं का राहूनच जाते, मैत्रेयी.’’

मग सांगितलं. सत्तावीस वर्षांपूर्वी केळझरजवळ मनकर्णाबाईंच्या वावराची मोजणी. नांगरानं सरकलेल्या गोट्यापासून मोजलं. नकाशा काढताना चूक कळली. ‘‘माही बढती होती थ्या साली. गप राह्यलो. बाईचा धुरा, वावराचा बांध, सा हात आत गेला. धुरा अजून तिथंच हाये.’’

म्हणजे मला शिकवत होते, तेव्हाही त्यांना हे माहीत होतं.

शनिवार, १४

ठरवलं. आधी सरांना फोन, मग मासिकाला पत्र — निबंध मागे घेते. बाबांना पत्राचा दिवस सांगितला. त्यांनी ट्रंकेतून जुना नकाशा काढला, धूळ पुसली. ‘‘मलेबी थोच दिवस जमते. केळझरले, बाईले सांगाले, तू येजो संगं.’’

दिवस ठरला: सोमवार, १६ फेब्रुवारी. सकाळी दहाला पत्र, साडेअकराला केळझरची बस.