मारेकच्या नोटेवरचा राजा

रीडिंग, इंग्लंड, १४ ऑक्टोबर २००६

काय दिवस गेला! अजून अंगात उत्साह मावत नाहीये.

बाथरूमच्या टाइल्स बसवायला येणाऱ्या मारेकच्या खिशातून आज एक पोलिश नोट पडली आणि तिला माझा पाय लागला. मी सवयीने उचलून कपाळाला लावली. लक्ष्मीला पाय लागला, एवढंच डोक्यात. पण नोटेवर होता दाढीवाला, मुकुट घातलेला राजा. मारेक टोपी काढून उभाच राहिला. "तुम्हाला आमचा कॅझिमिर माहितीये?"

मला कुठला माहीत! तरी मान हलवली. का हलवली मी?

मग काय, टाइल्स राहिल्या, चहा गार झाला. या दाढीवाल्याने म्हणे किल्ले बांधले, दगडविटांची शहरं उभारली, कायदे लिहून काढले, विद्यापीठ काढलं. लोक त्याला शेतकऱ्यांचा राजा म्हणायचे. "अरे, हे तर आमच्या महाराजांसारखं!" मी ओरडलेच, आणि आपले गड सांगत सुटले.

पण मान हलवलेली टोचत होती. तो निघताना सांगून टाकलं, "मघाशी मी राजाला नाही, पैशाला नमस्कार केला."

मारेक खो खो हसला. नोट पुढे धरून म्हणाला, "मग आता राजाला करा."

केला. या वेळी डोळे मिटून.