शंकरप्पा दाजींना, ताटाच्या पाठीबद्दल

मु. राजेश्वर,
बुधवार

ती. शंकरप्पा दाजींना गुरुबसवचा दोन्ही हात जोडून शरणु शरणार्थ. गुडघा कसा आहे? सावित्रम्मा अक्का निरगुडीचा शेक देत असेल तर देऊ द्या, बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच सोडू नका. खजुरीकडं तुरीला फूल धरलं का? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे प्रकृतीनं. फोन सोडून पत्र कामून, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही फोन स्पीकरवर लावता आणि अक्का शेजारी बसून ऐकते. व्हॉट्सॲप तर तिच्याच ताब्यात आहे. म्हणून हे पाकीट आळंदकडं जाणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ देणार आहे. वाचून फाडून टाका.

मोटार रिवायंडिंगचं दुकान सांभाळून गेली चार वर्षं मी जुन्या चांदीचा अभ्यास करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिकवायला कोणी नव्हतं. फोनवर बघून आणि घड्याळवाल्याकडून घेतलेलं भिंग डोळ्याला लावून शिकलो. इंग्रजी चांदीच्या भांड्याच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढे शिक्के असतात. चालता सिंह असला की चांदी खरी. (उजवा पंजा उचललेला पाहिजे. नुसता सिंह दिसला म्हणून मी हुरळून जात नाही.) शेजारी जहाजाचा नांगर असला तर गाव बर्मिंगहॅम, एक सुटं अक्षर असतं ते साल, आणि दोन अक्षरं असतात ती कारागिराच्या नावाची. मुलाम्याच्या भांड्यावर सिंह नसतो. तिथं ई, पी, एन, एस अशी चार अक्षरं चार चौकटींत इतक्या ऐटीत बसवलेली असतात की न जाणणाऱ्याला तेच सरकारी शिक्के वाटावेत. अर्थ एवढाच, की आत जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी नावालाही नसते, आणि वर विजेनं चढवलेलं चांदीचं पाणी. विजेचं काम मला कोणी सांगायची गरज नाही.

तर आपल्या मंजुश्रीसाठी बीदरचं स्थळ आलं आहे, मुलगा शिवराज, बीदरजवळच कोळारला औषध कंपनीत नोकरीला. मुलगा निर्व्यसनी आहे, आणि मुख्य म्हणजे पोरीच्या मनात बसला आहे (हे तिनं आईला सांगितलं, पवित्रानं मला, मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्ही धरून दोघं-तिघं सोडले तर). मागच्या रविवारी मी आणि पवित्रा त्यांचं घर बघायला गेलो. तुमचा गुडघा चांगला असता तर तुम्ही शेजारी बसला असता आणि पुढचं काही झालं नसतं. त्या अर्थानं थोडा दोष गुडघ्याचा आहे.

जेवायला समोरासमोर दोन ओळी, मध्ये वाढायला वाट. वडील माणसांना चांदीची ताटं. मुलाचे आजोबा मल्लप्पा अप्पा माझ्यासमोर बसले होते. त्यांनी स्वतः सांगितलं, की निजामाच्या काळातल्या एका साहेबाच्या बंगल्यातला हा सेट, त्यांच्या वडलांनी घेतलेला, अस्सल विलायती चांदी. आता दाजी, माझ्यासारख्या माणसापुढं असं बोलावं का? मला ताटाची पाठ दिसल्याशिवाय घास गिळवेना. पण भरलं ताट पालथं कसं करणार? मी ठरवलं, झटपट संपवायचं आणि हात धुताना हळूच उचलून बघायचं. पण ताट रिकामं झालं रे झालं, की मुलाची आई मल्लेश्वरीबाई, “भावजींना आवडली बघा,” म्हणत शेंगाची पोळी आणि वर तुपाची धार. पुन्हा संपवलं, पुन्हा पोळी. पवित्रा नऊ सांगत फिरते, पण मी मोजल्यात, सात होत्या. सातवीनंतर मला वाकताच येईना, उचलणं तर लांबच.

इथं देवाला दया आली. जेवण झाल्यावर ताटात पाणी ओतून, ताट निपटून ते पिण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत. प्रसादाचा कण वाया जाऊ नये म्हणून. मल्लप्पा अप्पा जुन्या वळणाचे. त्यांनी पाणी ओतलं, बोटानं फिरवलं आणि दोन्ही हातांनी ताट तोंडाला लावलं. ताटाची पाठ थेट माझ्याकडं! मी भिंग डोळ्याला लावलं आणि गुडघ्यांवर रांगत मधली वाट ओलांडून गेलो. नाक ताटापासून चार बोटांवर. अप्पा सावकाश पिणारे असल्यानं मला वेळ मिळाला, आणि चारही अक्षरं स्वच्छ वाचता आली. सिंह नाही, नांगर नाही. त्याच क्षणी अप्पांनी ताट खाली घेतलं. त्यांना समोर माझा डोळा दिसला, भिंगातला, बैलाएवढा. ताट हातातून सुटलं. ते गडगडत दारापर्यंत गेलं तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, “अप्पा, ही चांदी न्हाई ओ. नुसतं पाणी मारलंय.”

अप्पा म्हणाले, “सात पोळ्या हाणल्यास त्या तरी खऱ्या होत्या का रे?”

(बघा, त्यांच्याही मोजणीत सातच.)

मल्लेश्वरीबाई पदर खोचून पुढं आल्या. “येत्या रविवारी आम्ही सहाजण तुमच्याकडं जेवायला यायलाव. तुमच्या घरची चांदी बघू की. भिंग आणत न्हाई आम्ही, तुमचंच द्या.”

परतीच्या बसमध्ये पवित्रानं एवढंच विचारलं, “पोरगं बघायला गेल्ता का ताट?” सोमवारी मंजुश्रीनं मला स्टीलचं ताट पालथं वाढलं. वर भाकरी. “आधी बघून घ्या, अप्पा, मग जेवा,” म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी अभ्यासात चुकलो नाही, तरी माझ्या चार अक्षरांपायी पोरीचं जमत आलेलं मोडायची वेळ आली, हे मला कळतं. रात्री डोळा लागत नाही.

आपला,
गुरुबसव

ता. क. — माझ्या लग्नात तुम्ही आणि अक्कानं सहा चांदीची ताटं दिली होती. काल पहिल्यांदाच भिंग लावलं. तीच चार अक्षरं. तुम्हाला मी दोष देत नाही, दुकानदारानं फसवलं असेल. पण तुमची स्वतःची सहा ताटं, माझ्या वडलांनी तुमच्या लग्नात दिलेली, शनिवारच्या बसनं पाठवा. अक्काला सांगा की कल्हईला चालली आहेत. (चांदीला कल्हई नसते हे तिला ठाऊक असेल तर दुसरं काही सांगा.)

ता. क. दुसरा, गुरुवार सकाळ — पाकीट बंद करणार तेवढ्यात मल्लेश्वरीबाईंचा पवित्राला फोन आला. म्हणाल्या, “वीस वर्षं झाली, सासऱ्यास्नी सांगायलेय की ती चांदी न्हाई, ऐकंनातच. तुमच्या मालकानं एका दमात गप्प केलं. असा व्याही मला पायजे. त्यांच्यापुढं तसं बोलावं लागलं, मनावर घिऊ नका.” रविवारी तारीख काढायलाच येणार आहेत. जेवण पत्रावळीवर वाढा, असा त्यांचा निरोप आहे. मंजुश्रीनं आज ताट सुलटं वाढलं.

तेव्हा ताटांची आता गरज उरली नाही. तरी शनिवारी पाठवाच. माझ्या वडलांनी तुम्हाला नक्की काय दिलं होतं, ते बघितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.