झिलईची चकती

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, आजीचे पोटभर आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा. वि. वि.

फोनवर तू माझं वाक्य संपायच्या आत हं हं करतेस, म्हणून हे पत्र. पत्राला हं म्हणता येत नाही. अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. तिला बजावलंय, मी सांगेन तेच लिही, सुधारत बसू नकोस. आत्ता तिने भुवई वर केली. तेही लिही म्हटलं.

बातमी अशी की मी शाळेत जायला लागले. दोन महिने झाले, सांगितलं नव्हतं, कारण टिकते की नाही ते माझं मलाच बघायचं होतं. पोहण्याच्या तलावामागचं जुनं पंपघर आठवतं ना? तिथे मंगळवारी आणि शनिवारी दगड मंडळ भरतं. कुणी दगड ओळखायला शिकतं, कुणी खडे तारेत गुंफायला. मी कापून घासायला शिकते. तुझ्या आईला वाटलं होतं, सासू चार म्हाताऱ्यांत बसून गुडघ्यांच्या गप्पा मारील. बसले असते, पण गुडघे नवीन काही बोलतच नाहीत.

शिकवणारे गृहस्थ पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. कपाळावर सदा भिंग, म्हणून मी त्यांना भिंगकाका म्हणते. वयाने माझ्याहून लहान आहेत, पण रागवत नाहीत. दुसऱ्या आमच्या चिटणीसबाई. त्या वाचनालयात होत्या. त्या खोलीत चिठ्ठी नाही अशी वस्तू नाही. मी फार वेळ एका जागी बसले तर मलाही एक डकवतील.

काम असं: ओळीने सहा चाकं, वरून पाण्याची धार. पहिलं चाक मगरीच्या पाठीसारखं, शेवटचं वासराच्या कानासारखं. दगड एकेका चाकावर फिरवत न्यायचा. मागच्या चाकाचे ओरखडे पुढच्याने पुसायचे. मधलं एक चाक गाळलं तर दगड शेवटी चुगली करतो. सगळं झालं की चामड्याच्या दोन चकत्या, एक झिलईच्या आधीची आणि एक झिलईची. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. निळ्या डब्यातली झिलईची आणि लाल डब्यातली तिच्या आधीची, एवढं मी ध्यानात ठेवलंय. मला वाचता येत नाही हे तिथे कुणाला ठाऊक नाही. ठाऊक व्हायचं कारणही नाही. दगडाला कुठे वाचता येतं?

ढिगातून मी माझा दगड निवडला तेव्हा सगळे हसले. भाजलेल्या बटाट्यासारखा होता. कापला तर आत धुरकट राखाडी आणि मधोमध मधाच्या रंगाची एक रेघ. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंडळाचं प्रदर्शन आहे, त्यात तो मांडायचाय. तू म्हणशील, एवढा आटापिटा कशाला? अगं, आजवर मी केलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी खाल्ली, घातली, नाहीतर फाडली. एक वस्तू अशी करायचीय की जी नुसती बघायची. कामाची नाही, कुणाच्या सोयीची नाही. तो दगड मी पुरा करणार.

जेवत जा. लोभ आहेच, तो तुझ्या त्या थंड खोलीत गारठू देऊ नकोस.

तुझी, शाळेत जाणारी,
आजी


ता. १३ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न. आणि चिमटा पोचल्याची पावती. वि. वि.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं. आमच्या साहेबांनी विचारलं की ही बाई आपल्याकडे नोकरी करील का. मी दिवसभर लोकांचे खोटे दात घासते, तू दगड घासतेस. घराण्यात घासणं पडलंय खरं.

दोन गोष्टी ऐक. चष्मा लावल्याशिवाय चाकापुढे बसायचं नाही, आणि कोरडं घासायचं नाही, ती धूळ छातीत बसते. तिसरीही आहे. वाचता येत नाही हे निदान भिंगकाकांच्या कानावर घाल. उद्या एखाद्या बटणावर हात लावू नका असं लिहिलेलं असलं तर? तू म्हणशील, आली मोठी शहाणी. हो, आले.

प्रदर्शनासाठी मी सुट्टी टाकली आहे. आईला सांग, मधल्या खोलीतला पसारा माझ्यासाठी आवरू नकोस, मला त्याशिवाय झोप लागत नाही.

माया आहेच, ती पुरवून वापर.

तुझी,
भिंगरी


ता. १० मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद. चिमटा आज नाही. वि. वि.

मंडळावर संकट आलंय. प्रदर्शनासाठी सगळ्यांनी आपापले दगड झिलईला लावले आणि एकेकाचा दगड ढगाळून निघाला. उजेडात तिरका धरला की केसासारखे बारीक ओरखडे, जणू मांजर नाचून गेलं. चिटणीसबाईंचा हिरवा दगड सगळ्यांत वाईट झाला. वर्षभर त्यावर बसल्या होत्या बिचाऱ्या. रडल्या नाहीत, पण चष्मा इतक्या वेळा पुसला की मला वाटलं काच झिजेल.

भिंगकाकांनी प्रत्येक दगड भिंगाखाली धरला. त्यांचं म्हणणं, चकतीवर लावतात त्या झिलईच्या लेपात जाडी कणी मिसळलेली आहे. लेप नवाच आणला होता. आता दुकानदाराला जाब विचारणार, लेप परत करणार आणि त्याच्याकडून पुन्हा काही घ्यायचं नाही असा ठराव करणार. दुकानदार भला माणूस आहे. पहिल्या दिवशी त्याने मला मेणाची कांडी फुकट दिली होती. सगळे तावातावाने बोलत होते. मी माझा दगड पुसत बसले.

माझा दगडही ढगाळलाय. बाकी ठीक. हवा बरी आहे. तुझ्या आईची पाठ बरी आहे. माझी भूक बरी आहे.

लोभ असेल तितका असू दे.

आजी

ता. क. हे मी माझं लिहिते आहे, आईंनी सांगितलेलं नाही. भूक बरी नाही. परवापासून अर्ध्या ताटावरून उठतात. दर शनिवारी घरी येऊन तास तास सांगायच्या, आता विचारलं की ठीक म्हणतात. एकदाच पुटपुटल्या की चिटणीसबाईंनी जुने डबे टाकून सगळे पांढरे डबे आणले, आता तिथे रंगच उरला नाही. मला अर्थ लागला नाही. तुला लागला तर बघ. – तुझी आई


ता. १५ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

मला अर्थ लागला, आजी, आणि तुलाही लागलेला आहे.

आमच्याकडे प्रत्येक झिलईचा ब्रश वेगळा. मी नवीन होते तेव्हा एकदा आधीचा ब्रश शेवटच्या लेपात बुडवला. त्या दिवसाचे सगळे दात धुरकट. लेपाचा दोष नव्हता. आधीच्या ब्रशातली जाडी कणी शेवटच्या लेपात गेली होती. तुमच्या चकत्या जुळ्या बहिणी, असं तूच लिहिलंस. डबे पांढरे झाले, वर चिठ्ठ्या आल्या. त्या चिठ्ठ्या तुला वाचून कुणी दाखवल्या?

मी तुला दोष देत नाही. पण दुकानदाराला उगाच बोल लागणार आहे, आणि चकती बदलली नाही तर लोक नवीन लेपातही तेच ओरखडे काढत बसतील. तुला बोलणं जड जात असेल तर मी भिंगकाकांना फोन करते. हळूच सांगते. कुणाला कळणार नाही.

आई, हे पत्र वाचून दाखवताना मधलं काही गाळू नकोस.

रागावलीस तरी चालेल, पण जेव.

तुझी,
भिंगरी


ता. १८ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद. वि. वि.

फोन करायचा नाही. केलास तर मी तुझी आजी नाही, तू माझी नात नाही, आणि मधली ही बाई कोण ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुझ्या आईने गाळलं नाही, उलट एक ओळ दोनदा वाचली. चकती मीच बदलली. धुऊन परत ठेवताना पांढऱ्या डब्यांपुढे उभी राहिले. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चार माणसं बघत होती. अंदाजाने एक इकडे ठेवली, एक तिकडे. अंदाज चुकला.

तीन रात्री वाटत होतं, जायचंच बंद करावं. गुडघ्याचं निमित्त होतंच. पण मग दगड अर्धा राहतो, आणि दुकानदाराच्या माथी माझं पाप. तसला दगड मला बघवणार नाही. मंगळवारी सभा आहे. मी जाणार आणि उभी राहून सांगणार. अंगठाबहाद्दर म्हणतील, म्हणू देत. माहेरीही म्हणत, सासरीही म्हणत, इथले लोक काय जगावेगळे?

तुझ्या आईने सोबत येते म्हटलं. दारापर्यंत ये म्हटलं, आत नको.

लोभ ठेव, मंगळवारी जरा जास्त.

आजी


ता. २ एप्रिल

चि. भिंगरीस, आशीर्वाद, आणि राहिलेले चिमटे धरून तीन. वि. वि.

तू प्रदर्शनाच्या आधी येणार म्हणून घाईने सगळं सांगते. ते आठवडाभर पुढे ढकललंय, तिकीट बदल.

सभेत दुकानदार आधीच येऊन बसला होता, कान लाल झालेले. ठराव वाचायच्या आत मी उठले. म्हटलं, लेप चांगला आहे, चकत्यांची अदलाबदल मी केली, कारण मला वाचता येत नाही. लांबलचक काहीतरी ठरवून गेले होते, बाहेर एवढंच आलं. भिंगकाकांनी भिंग खाली ओढलं आणि मलाच बघायला लागले. दुकानदाराने एवढा मोठा सुस्कारा टाकला की पुढचे कागद हलले.

चिटणीसबाई बोलल्या त्या शांतपणे, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाल्या, भिंतीवर नियम लावलेत, ते वाचल्याशिवाय यंत्राला कुणी हात लावायचा नाही. आज दगड बिघडला, उद्या बोट जाईल. वाचायला येईपर्यंत यांनी यंत्रावर बसू नये. आणि खरं सांगू का, त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मी म्हटलं, बरोबर आहे. पण अक्षरांची आणि माझी या वयात सोयरीक जमेल की नाही ठाऊक नाही, आणि दगड थांबायचा नाही. तुम्ही मला नियम एकदा वाचून दाखवा, पुढच्या मंगळवारी मी पाठ म्हणते. एकही चुकला तर आपण होऊन ॲप्रन काढून ठेवीन. तोवर ज्यांचे दगड माझ्यामुळे बिघडले ते पुन्हा घासायला मी मदत करते. पहिला तुमचा. त्या म्हणाल्या की त्या आपला दगड माझ्या हातात मुळीच देणार नाहीत. तेही बरोबर. मग मी मोरीपाशी उभी राहिले. लोक एका चाकावरून दुसऱ्यावर जाताना दगड माझ्याकडे द्यायचे आणि मी ब्रशने कणी धुऊन द्यायची. चिटणीसबाईंनी दोन दिवस आपला आपण धुतला. तिसऱ्या दिवशी न बोलता पुढे केला. दगड हिरवागार आहे, भिंगरी, आणि बाई आहेत चिकट. दोन्ही मला आवडले.

सभा सुटल्यावर तुझ्या आईला आत घेतलं, भिंतीवरचे नियम तिने लिहून आणले. घरी भांडी घासताना ती वाचायची, मी म्हणायची. तिला आता झोपेतही येतात. मंगळवारी सगळ्यांपुढे म्हटले. शेवटाकडे येऊन अडले. भिंगकाका डोळ्यांनी खुणा करत होते, मी तिकडे बघितलं नाही. अडले तर अडले. तेवढ्यात माझीच बट तोंडावर आली आणि ती मागे सारताना आठवलं, केस बांधून बसावे. लोक हसले. चिटणीसबाईही, पण दात न दाखवता.

मग त्यांनी सभासदांची वही पुढे केली. नियम कळल्याची सही करायची होती. म्हटलं, सही कुठली, अंगठा घ्या. शाई लावली, दाबला, उचलला. नुसता निळा ठिपका! रेषा नाहीत, चक्र नाही, काही नाही. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मला वाटलं, झालं, आता अंगठ्यालाही नापास करतील. दगड मी मेणाने काडीवर न चिकटवता नुसत्या अंगठ्याने धरते ना, चाकांनी दगडाबरोबर अंगठाही गुळगुळीत करून टाकला. भिंगकाका हसत सुटले. त्यांनी आपला अंगठा शेजारी दाबला, तोही कोरा. म्हणाले, वर्ष झालं, त्यांचा फोन त्यांना ओळखत नाही, रोज आकडे दाबावे लागतात. मग चिटणीसबाईंनी हळूच आपला अंगठा उजेडात धरून बघितला. काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही.

पण पेन उघडलं, माझ्या ठिपक्यापुढे एक ओळ लिहिली, वही माझ्याकडे वळवली. मी बघत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी वही परत आपल्याकडे फिरवली आणि लिहिलेलं सगळ्यांना ऐकू जाईल असं मला वाचून दाखवलं, की या सभासदांना सर्व नियम ठाऊक आहेत, यंत्रावर बसण्यास हरकत नाही.

मी केस बांधले, माझा ढगाळलेला दगड घेतला आणि दुसऱ्या चाकावर जाऊन बसले.

लोभ आहे, वाढतो आहे, येताना मोठी पिशवी आण.

तुझी,
आजी