कापड फिरवण्यापुरतं थांबणं

४ मार्च

आला कागद! माझ्या पहिल्या दोन्ही तबकड्या कंपनी पुन्हा काढतेय. ‘कव्हरवरचा मजकूर तपासून सोमवारपर्यंत कळवा,’ तिथल्या बाई म्हणाल्या. सगळं बरोबर आहे. फक्त एका गाण्यासमोर, दोन्हींवर, गीतकाराच्या जागी तोच जुना शब्द – ‘पारंपरिक’. मीच लिहिलेला, चाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा मावशी दोन गल्ल्या पलीकडे शाळेचे युनिफॉर्म शिवत बसली होती. चांगली धडधाकट!

५ मार्च

कशात लक्ष लागलं नाही.

गाणं मावशीचं. शब्द तिचे, चाल तिची, शिवता शिवता जुळवलेली. ‘दार नुसतं लोटलंय, कडी नाही लावली...’ मी मशीनजवळ चिंध्यांत बसून ऐकायचे. प्रत्येक ओळीनंतर ती थांबायची – कापड फिरवायला. मग पुन्हा पायडल, पुन्हा गाणं.

शाळेत सिस्टरांच्या पियानोवर तालाचा लंबक टकटकायचा. एकदा त्यांना हे गाणं म्हणून दाखवलं. ‘गोड आहे. पण मध्येच अडखळतेस, बाळ.’ मी म्हटलं, ‘येस, सिस्टर.’ ते अडखळणं नाही, मावशीचं कापड आहे, एवढं सांगायचं धाडस झालं नाही.

६ मार्च

दोन्ही तबकड्या ऐकल्या. पहिलीत मी आणि गिटार, बस्स. थांबणं अर्धंमुर्धं शिल्लक आहे. दुसरीत तेच गाणं बँडबरोबर. ड्रमवाला वैतागला होता – ‘अगं बाई, इथे मी काय काठ्या हवेत धरून बसू?’ मी हसले, आणि थांबणं काढून टाकलं. सरळ चार मात्रा! त्याच गाण्यानं मला मोठं केलं. खोटं कशाला लिहू – मलाही तसंच आवडलं. अजून आवडतं. तेच टोचतं.

मावशी एकाच कार्यक्रमाला आली. कानांत कापसाचे बोळे. नंतर एवढंच म्हणाली, ‘ठमे, झग्याचा काठ उसवलाय. उद्या घेऊन ये.’ गाण्याबद्दल अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही.

७ मार्च

आज जायचं होतं. गुडघा दुखतोय, असं मावशीला फोनवर सांगितलं, स्वतःलाही. गुडघा ठणठणीत आहे.

८ मार्च, रविवार

गेले. मावशी आता ब्याऐंशीची. नजर अधू झाली तेव्हाच मशीन देऊन टाकलं. खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या हातांना रिकामं बघायची मला अजून सवय नाही.

एका दमात सांगून टाकलं. ‘पारंपरिक’ मी मुद्दाम लिहिलं. युनिफॉर्म शिवणाऱ्या मावशीचं नाव कव्हरवर घालायची तेव्हा लाज वाटली. लाज!

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, ‘एवढंच? तुझा चेहरा बघून मला वाटलं, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं!’

मी रडायला लागले.

‘पुरे गं. घाल माझं नाव. आणि अक्षर जरा मोठं ठेव, शेजारणीला वाचता आलं पाहिजे.’

घरी येऊन बाईंना फोन केला. नाव घालायचं, आणि शेवटी मावशीच्या आवाजात मूळ गाणं – थांबण्यासकट. दोन दिवस वाढवून देते म्हणाल्या. किती वर्षांनी इतकं हलकं वाटतंय! जे मी काढून टाकलं, ते उद्या परत ठेवते.

९ मार्च

मावशी गायली. खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून, खुशीत. सरळ चार मात्रा. कुठेच थांबली नाही.

‘मावशी, ओळीनंतर तू थांबायचीस.’

‘मी? छे! रेडिओवर इतकी वर्षं ऐकतेय तुझं. असंच आहे ते.’

मग मीच म्हणून दाखवलं, तिचं, जसं आठवत होतं तसं. पहिल्या ओळीनंतर थांबले.

तिनं माझा हात हळूच थोपटला. ‘अडखळलीस, ठमे.’