तपकिरीची जागा

३ मार्च, चाकूर
ऑनलाइन कोर्स संपला: मनगटाची लपलेली फ्रॅक्चर्स. सर्टिफिकेट खुर्चीमागं ठोकलं. आता केसाएवढी चीरही आपल्या नजरेतून सुटत नसते. पुढच्या महिन्यात लातूरला डॉक्टरांची कॉन्फरन्स आहे, तिथं एक केस मांडायचीच. फक्त केस मिळायचा अवकाश.

५ मार्च
केवळाबाई, खानावळीत भाकरी थापतात. पाय घसरला, डावा हात टेकला. एक्स-रे चार वेळा पाहिला. क्लीन. बाईंचं एकच: तपकीर ओढायला ठिवते तिथंच ठणकायलंय. बोट अंगठ्याच्या बुडाशी, खळगीत. म्हणजे व्यसन! दहा मिनिटं झापलं. चिठ्ठीवर लाल पेननं लिहिलं, 'तपकीर बंद'.
कलीम वीस वर्षं एक्स-रे काढतो. म्हणाला, सर, हात तिरका करून अजून एक प्लेट काढू का? म्हणलं, काढणं वेगळं, वाचणं वेगळं. क्रेप बँडेज दिलं.

६ मार्च
कोर्समधला 'स्नफबॉक्स' हा धडा राहिलाय. रविवारी वाचू. नावावरून महत्त्वाचा वाटत नाही.

८ मार्च, रविवार
मॅच होती.

१६ मार्च
केवळाबाई परत. भाकरी थापता येईना, मालकानं दुसरी बाई ठेवली. म्हणाल्या, "सोडली साहेब तपकीर. हात तरीबी दुखतोच." समजावलं, व्यसन सुटताना अंग दुखतंच. लेकीकडं, शिल्पाकडं लातूरला जाते म्हणाल्या. जा म्हणलं, हवापालट होईल.
कलीम दिवसभर एक्स-रेच्या खोलीतून बाहेर आला नाही. उन्हाळा फार आहे.

१२ एप्रिल, लातूर
केस मिळालीच नाही. तरी पहिल्या रांगेत बसलो. वक्त्यानं एक एक्स-रे दाखवला. सगळ्यात आधी माझा हात वर. "नॉर्मल!"
त्यानं मनगटातल्या छोट्या हाडातली चीर दाखवली. म्हणाला, स्नफबॉक्स म्हणजे तपकिरीची डबी, अंगठ्याजवळची खळगी. पेशंटनं जागा बोटानं दाखवली होती. वेळेवर प्लास्टर नाही, शेवटी स्क्रू टाकावा लागला. आणि हा आधीच्या डॉक्टरचा इलाज.
पडद्यावर चिठ्ठी. नाव झाकलेलं. लाल अक्षर: तपकीर बंद.
हॉल हसला. मीही हसलो, जरा मोठ्यानंच.

२० एप्रिल, चाकूर
सर्टिफिकेट उतरवलं. भिंतीला ओल होती म्हणून.
केवळाबाई आल्या. अंगठ्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर. मला वाटलं भांडतील. माफी मागायचं ठरवत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, तपकीर आता चालंल का?
चालेल म्हणलं. माझी मान वर झाली नाही.
प्लास्टरकडं बघत म्हणाल्या, "पन ठिवू कुठं, साहेब?"